कॉम्प्युटरचा ताप किती, हे आपल्याला कळायला हवं

मैत्रिणींनो, आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. टेबलाखाली ठेवलेल्या अख्ख्या डब्याला आपण सगळ्याच ‘सीपीयू’ म्हणतो. दुकानदारही म्हणतो, दुरुस्तीवालाही म्हणतो. खरं म्हणजे त्या डब्याचं नाव कॅबिनेट. सीपीयू, म्हणजेच प्रोसेसर, हा त्या डब्याच्या आत बसवलेला काडेपेटीहूनही लहान असा एक चौकोनी तुकडा असतो. त्यातला खरं काम करणारा भाग तर अंगठ्याच्या नखाएवढाच. बेरीज-वजाबाकी, व्याजाची आकडेमोड, स्क्रीनवर पान उघडणं, सगळं तिथूनच चालतं. आणि तापतोही तोच.

हा विषय आत्ताच का घेतला? कारण मार्च उलटला की आपल्याकडे दोन गोष्टी एकदमच अंगावर येतात. एक वर्षअखेरीचे हिशेब, दुसरं ऊन. गटांची नफा-तोटा पत्रकं, कर्ज प्रस्ताव, ऑडिटचे कागद याच काळात तयार करायचे असतात. त्याच वेळी चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या भागात पारा ४५ च्या पुढे जातो. संघाचं कार्यालय बहुतेक ठिकाणी पत्र्याचं किंवा स्लॅबच्या वरच्या मजल्यावरचं. मग दुपारी मशीन रडायला लागतं. कधी एकदम मंद होतं, कधी खटकन बंद पडतं, आणि अर्धी भरलेली नोंद गेली ती गेलीच.

मग दुरुस्तीवाला येतो. तो काय सांगेल ते आपण ऐकतो, कारण आपल्याकडे विचारायला प्रश्नच नसतो. एका प्रभागसंघात असंच झालं. मशीन पंधरा मिनिटांत बंद पडायचं. ‘बोर्ड गेला, आता नवीन घ्या, पस्तीस हजारापर्यंत जाईल’ असं सांगितलं गेलं आणि विषय मासिक सभेत ठरावासाठी आलासुद्धा. सभेत एका सीआरपी ताईंनी एवढंच विचारलं, की प्रोसेसरचं तापमान किती येतंय ते बघितलं का? बघितलं नव्हतं. बघितलं तर काही काम न करता ९७. डबा उघडल्यावर दिसलं, की प्रोसेसरवरच्या पंख्याला जे चार प्लास्टिकचे पाय असतात, त्यातला एक खाचेतून निसटला होता. पाय पुन्हा बसवला, नवीन पेस्ट लावली. आकडा ४६ वर आला. खर्च पाचशे रुपयांच्या आत.

पस्तीस-छत्तीस हजार म्हणजे किती? दहा जणींचा गट, महिन्याला शंभर रुपये बचत, तर ही त्या गटाची पूर्ण तीन वर्षांची बचत झाली. म्हणून हा आकडा वाचता यायला हवा. त्याला इंजिनिअर व्हावं लागत नाही. पोराचा ताप बघता येतो ना, तेवढंच.

फक्त एक फरक लक्षात ठेवा. घरातला थर्मामीटर बहुतेक वेळा फॅरनहाइटमध्ये असतो, ९८ म्हणजे ठीक, १०२ म्हणजे जास्त ताप. कॉम्प्युटरचा आकडा सेल्सिअसमध्ये येतो. सेल्सिअसमध्ये आपल्या अंगाचं तापमान ३७ असतं आणि पाणी १०० ला उकळतं. प्रोसेसर ६० दाखवतोय म्हणजे तो कढत चहाएवढा गरम आहे. हात लावला तर आपल्याला चटका बसेल, पण त्याच्यासाठी ते रोजचंच आहे. ‘बाई गं, साठ!’ म्हणून घाबरायचं कारण नाही. उलट कुठे १४० असा आकडा दिसला तर तिथे फॅरनहाइटची खूण आहे का ते बघा. १४० फॅरनहाइट म्हणजे ६० सेल्सिअसच.

किती म्हणजे ठीक

मशीन सुरू आहे पण आपण नुसतं बसलोय, एखादी फाईल उघडी आहे, अशा वेळी ३५ ते ५० च्या दरम्यान आकडा असावा. मे महिन्यात ५५ पर्यंत गेला तरी चालेल. काम चालू असताना, म्हणजे दहा-बारा पानं उघडी, व्हिडिओ मीटिंग सुरू, मागे अँटिव्हायरस फिरतोय, तेव्हा ५५ ते ७५. इथपर्यंत निर्धास्त राहा. ८० च्या वर सतत राहत असेल तर मशीन आजारी नाही, पण कुठेतरी हवा अडतेय असं समजा आणि त्या आठवड्यात साफसफाई करून घ्या. आपल्या कार्यालयातल्या साध्या टायपिंगच्या आणि हिशेबाच्या कामात ९० दिसत असेल तर मात्र काम जपून ठेवा, मशीन बंद करा आणि कारण शोधल्याशिवाय तासन्‌तास चालवू नका.

या आकड्यांच्या वर कंपनीने आखलेली शेवटची रेघ असते. इंटेलच्या गेल्या आठ-दहा वर्षांतल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ती १०० अंशांवर आहे. एएमडीच्या रायझनमध्ये साधारण ९० किंवा ९५ वर. ही रेघ म्हणजे ‘इथपर्यंत चालवा’ असं नव्हे. विहिरीच्या कठड्यासारखी ती आहे, कठड्यावर बसून कुणी धुणं धूत नाही.

जुन्या मशीनबाबत एक गोष्ट घोटाळ्याची आहे. काही संघांकडे अजून कोअर टू ड्युओ किंवा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे आय-थ्री आहेत. त्यांच्या माहितीपत्रकात ६५, ६९, ७२ असे आकडे मर्यादा म्हणून छापलेले सापडतात. पण ते तापमान प्रोसेसरच्या वरच्या धातूच्या झाकणाचं आहे. सॉफ्टवेअर जे दाखवतं ते आतल्या गाभ्याचं, आणि गाभा झाकणापेक्षा नेहमी जास्त गरम असतो. कुकरच्या झाकणाला हात लावून आतल्या डाळीचा अंदाज घेण्यासारखं ते आहे. त्यामुळे जुन्या मशीनवर ७४ दिसले आणि कागदावर ७२ छापलंय, म्हणून कुणी ‘मर्यादा ओलांडली, बदला’ म्हणालं तर मान्य करू नका.

आता तापमान रेघेला टेकलं तर काय होतं? प्रोसेसर जळतो का? आजकालचे सहसा जळत नाहीत. डोक्यावर भारा घेऊन भर उन्हात चालताना आपण पाय आपोआप हळू टाकतो ना, तसा तोही आपला वेग स्वतःच कमी करतो. साडेतीन गिगाहर्ट्‌झवर चालणारा एकवर खाली येतो. आपल्याला दिसतं ते एवढंच, की मशीन रांगायला लागलंय. तरीही ताप उतरला नाही तर तो सरळ मशीन बंद करतो. ते बिघडणं नाही, स्वतःचा जीव वाचवणं आहे. पूर्वी सगळ्यांना हे जमत नसे. २००१ च्या सुमारास एएमडीचा अॅथलॉन प्रोसेसर चालू असताना त्यावरचा हीट सिंक काढला तर काही सेकंदांत धूर निघून तो मरायचा. त्याच वेळचा इंटेलचा पेंटियम फोर मात्र वेग कमी करून तग धरायचा. आता ही सोय सगळ्यांतच आहे.

प्रोसेसर वाचतो, पण आपली नोंद वाचत नाही. अचानक बंद पडताना फाईल अर्धवट लिहिली जात असेल तर ती पुढे उघडेलच असं नाही. शिवाय डब्यातली गरम हवा शेजारच्या हार्ड डिस्कलाही लागते, आणि तिला प्रोसेसरइतका ताप सोसत नाही. तिचा आकडा ५० च्या खाली ठेवलेला बरा. प्रोसेसर गेला तर विकत मिळतो. गटांच्या पाच वर्षांच्या नोंदी मिळत नाहीत. त्यामुळे उन्हाळ्यात दर शनिवारी पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर नक्कल काढून ती कपाटात ठेवणं हे पंख्याइतकंच महत्त्वाचं आहे.

ताप येतो कुठून, जातो कुठे

साधारण कार्यालयीन प्रोसेसर पूर्ण जोरात चालताना ६५ वॅटच्या आसपास वीज खातो, आणि ती जवळपास सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब किती तापायचा ते आठवा. तेवढी उष्णता नखाएवढ्या तुकड्यातून निघते. ती बाहेर नेण्यासाठी प्रोसेसरच्या झाकणावर एक चिकट पेस्ट लावलेली असते. तिच्यावर अॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा, म्हणजे हीट सिंक, आणि त्यावर पंखा. पेस्टमधून उष्णता पात्यांत जाते, पंखा ती पात्यांतून उडवतो, मग कॅबिनेटच्या मागचा पंखा ती खोलीत टाकतो. चुलीचा धूर धुराड्यातून जातो तसंच. वाटेत कुठेही चोंदलं की धूर घरात.

इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट खोलीची. पंख्याने गार केलेला प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा गार कधीच होऊ शकत नाही. खोलीच्या तापमानावर अमुक इतके अंश चढणं, हेच त्याचं गणित. जानेवारीत खोलीत २५ असताना जे मशीन ५५ दाखवत होतं, ते मे महिन्यात खोलीत ४२ झाले की त्याच कामाला साधारण ७२ दाखवणार. मशीन तेच, धूळ तेवढीच, वाढले ते १७ अंश बाहेरचे. म्हणून थंडीत ७५ दाखवणाऱ्या मशीनकडे दुर्लक्ष करू नका, उन्हाळ्यात ते ९० पार करणार हे आजच कळलं. आणि ४० अंशांच्या खोलीत कुठलं सॉफ्टवेअर २२ दाखवत असेल, तर तो आकडा खोटा आहे, दुसऱ्या सॉफ्टवेअरने बघा.

वाट चोंदते ती बहुतेक वेळा धुळीने. त्यातही आपल्याकडची धूळ साधी नाही. कितीतरी कार्यालयांच्या शेजारच्या खोलीत मसाला कांडप नाहीतर पिठाची गिरणी असते, कारण ती गटाचीच असते! मिरची-हळदीची तेलकट भुकटी पात्यांना चिकटते आणि मग ती नुसत्या फुंकरीने जात नाही. कापसाच्या भागात बारीक तंतू पंख्यामागे गोधडीसारखे थर धरतात. त्यात पालीची अंडी, मुंग्यांचं वारूळ, एखाद्या वेळी मेलेलं झुरळ. ज्यांनी डबा उघडलाय त्यांना हे नवीन नाही.

आणि एक आपलं कौतुकाचं प्रकरण. कॉम्प्युटर आला की त्याला छान कापडी कव्हर शिवायचं, वर झालर लावायची. शिवा, हौसेने शिवा. पण मशीन चालू करण्याआधी ते पूर्ण काढा. नुसतं पुढून वर सारून चालू करतात तेव्हा मागचा पंखा कापडातच अडकलेला असतो. कॅबिनेट भिंतीपासून किमान वीतभर लांब ठेवा. कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या बंद कप्प्यात कोंबू नका, कप्प्याला मागे फळी असेल तर ती काढून टाका. जमिनीवर ठेवण्यापेक्षा दोन विटांवर किंवा पाटावर ठेवलं तर झाडताना उडणारी धूळ कमी जाते. जागा खिडकीच्या उन्हाची नको.

कूलरबद्दल नेहमी विचारणा होते. विदर्भात कोरड्या हवेत कूलरने खोली चांगली गार होते, आणि खोली गार म्हणजे प्रोसेसर गार, त्यामुळे जरूर लावा. फक्त त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको, पाण्याचे तुषार आत जातात. खिडकी थोडी उघडी ठेवा म्हणजे दमट हवा साचत नाही.

आकडा बघायचा कसा

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग दिसतो, तापमान दिसत नाही. त्यासाठी दोन रस्ते आहेत. पहिल्याला काहीच डाउनलोड करावं लागत नाही. मशीन सुरू करताक्षणी कीबोर्डवरचं डिलीट किंवा एफ-टू बटण पुन्हा पुन्हा दाबलं की बायोसचा पडदा येतो. तिथे ‘हार्डवेअर मॉनिटर’ किंवा ‘पीसी हेल्थ’ अशा नावाखाली सीपीयू टेम्परेचर लिहिलेलं असतं, पंखा मिनिटाला किती फेरे घेतोय तेही असतं. फेऱ्यांच्या जागी शून्य दिसलं तर पंखाच बंद आहे किंवा त्याची वायर निघालीये. तिथे फक्त वाचायचं, काहीही बदलायचं नाही, आणि बाहेर पडताना सेव्ह न करता निघायचं. या पडद्यावरचा आकडा विंडोजमध्ये निवांत असताना येतो त्यापेक्षा थोडा जास्त असतो, कारण वीज वाचवण्याची सोय तिथे पूर्ण चालू नसते. तेव्हा ५५ दिसले तरी चिंता नको.

दुसरा रस्ता म्हणजे एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यासारखं फुकट सॉफ्टवेअर. मशीन शासनाकडून मिळालेलं असेल तर टाकण्याआधी समन्वयकांना विचारा. टाकताना प्रत्येक पायरी वाचा, सोबत भलतंच काही घ्यायला सांगत असेल तर तिथली खूण काढून टाका. यात प्रत्येक कोअरचा वेगळा आकडा दिसतो. सगळ्यात मोठा असेल तोच धरा.

लक्षणांवरूनही बरंच कळतं. सुरू केल्यावर दहा-वीस मिनिटांनी बंद पडतं, लगेच सुरू केलं तर पुन्हा बंद, अर्धा तास थांबून सुरू केलं की चालतं, तर संशय तापाचा. सकाळी ठीक आणि दुपारी दोननंतर त्रास, तरी तोच. पंख्याचा घरघराट वाढलाय, हीही आधीची सूचना समजा. पण लाइट लुकलुकली की बंद पडतं, तर यूपीएसची बॅटरी तपासा, प्रोसेसरचा काही दोष नाही. आणि मशीन नुसतं मंद आहे, तापमान मात्र ५०-५५ आहे, तर कृपा करून तापाला दोष देऊ नका. बहुतेक जुनी मशीन मंद असतात ती जुन्या हार्ड डिस्कमुळे आणि कमी रॅममुळे. तिथे एसएसडी टाकून फरक पडेल, पंखा बदलून नाही.

साफसफाई आपण किती करायची

मशीन वॉरंटीत असेल तर डब्यावरचं सील तोडायचं नाही, कंपनीच्या माणसाला बोलवायचं. वॉरंटी संपली असेल तर बाहेरून आणि वरवरची साफसफाई आपण करू शकतो. आधी मशीन नीट बंद करा, प्लगसकट सगळ्या वायरी काढा, सुरू करायचं बटण एकदा दाबून सोडा, म्हणजे उरलीसुरली वीज उतरते. डबा ओट्यावर किंवा अंगणात न्या, तोंडाला ओढणी बांधा. आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज तिथे निघून जाते. कोरड्या मऊ ब्रशने, रंगाचा नवा ब्रश चालतो, पात्यांवरची धूळ हळू काढा. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून खराब होतं. ओला कपडा नको. घरचा व्हॅक्यूम क्लीनरही आत नको, त्याने स्थिर वीज तयार होते. आणि ज्या चौकोनी पेटीत विजेची मोठी वायर जाते, त्या पॉवर सप्लायला स्क्रू लावायचाच नाही. प्लग काढल्यावरही त्यात झटका देण्याइतकी वीज काही काळ राहते.

पंखा आणि हीट सिंक उचलून पेस्ट बदलणं हे काम माहितगाराकडे द्या. पेस्ट तीन ते पाच वर्षांत वाळते, मग साफ करूनही आकडा उतरत नाही. ट्यूब दोन-तीनशे रुपयांत मिळते. लावायची असते ती छोट्या वाटाण्याएवढीच, जास्त लावली म्हणजे जास्त गार असं नाही. जुनी पेस्ट स्पिरिटने पूर्ण पुसून मगच नवी. दुरुस्तीवाला हे करत असताना शेजारी उभ्या राहा. काम झाल्यावर त्याला मशीन अर्धा तास चालवून दाखवायला सांगा, आणि आधीचा आकडा व नंतरचा आकडा बिलावर लिहून घ्या. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. पंधरा-वीस अंश उतरले तर पैसे सार्थकी लागले. दोनच अंश उतरले तर पाय नीट बसलेत का, पंखा फिरतोय का ते पुन्हा बघायला लावा.

नवीन मशीन सांगूनही ठरावाला विषय आलाच, तर कोटेशनसोबत तीन गोष्टी मागा: निवांत असतानाचा आकडा, कामात असतानाचा आकडा, आणि त्या वेळी खोलीत किती होतं. खोलीसाठी भिंतीवरचं साधं तापमापक पुरतं, बचत नोंदवहीशेजारीच टांगून ठेवा. ज्या संघांचं मशीन आज ठीक चाललंय त्यांनीही एकदा हे तिन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत, आणि दुसरी नोंद मे महिन्यात दुपारी अडीचला, कार्यालयात गर्दी आणि मशीनवर काम असताना घ्यावी.